नौकेंतील नळकाम आणि घरचा माणूस

पुण्याच्या एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. तें येथें समग्र देण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांतील प्रश्न केवळ एका घरापुरता नाहीं असें वाटल्यावरून या महिन्याचें आमचें पान त्यासच देत आहों. त्यांचे चिरंजीव यंत्रशास्त्राचे पदवीधर असून इंग्लंडांत साउदॅम्प्टनजवळ नोकरीस आहेत. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं तेथें एक जुनी शिडाची नौका विकत घेतली. ती १९७८ सालीं बांधलेली, फायबरग्लासची, तीस फूट लांबीची. आंत निजण्याची सोय, लहानसें स्वयंपाकघर आणि एका कपाटाएवढ्या जागेंत शौचकूप. चिरंजीव आठवड्यांतले पांच दिवस कचेरींत असतात व उरलेले दोन त्या नौकेच्या पोटांत. आईस मोबाईलवर जीं छायाचित्रें येतात त्यांत समुद्र आणि शीड कमी. नळ्या, गंजलेल्या पट्ट्या आणि शौचकूपामागें पालथा पडलेला मुलगा हेंच अधिक. "तें छायाचित्र मामंजींनीं पाहिल्यापासून," भगिनी लिहितात, "ते दोन दिवस नीट जेवले नाहींत. नातवाच्या शिक्षणावर एवढा पैसा खर्चिला तो याकरितां काय, असें विचारतात." येत्या जुलैंत मातापितरें तिकडे जावयाचीं आहेत व त्यांस त्याच नौकेंतून समुद्रावर न्यावयाचें असा चिरंजीवांचा हट्ट आहे. तेव्हां भगिनींचे प्रश्न दोन : हें काम घरच्या माणसानें करावें कीं जाणत्या कारागिरास बोलवावें, आणि आपण त्या नौकेंत बसावें कीं बसूं नये?

आम्हांस दुसरा प्रश्न पहिल्याहून वडील वाटला. म्हणून आम्हीं चिरंजीवांकडे एक प्रश्नावली पाठविली. त्यांनीं अकरा पानी उत्तर पाठविलें, प्रत्येक तोटीचें चित्र सोबत जोडलें, आणि आम्हीं तें लाल शाई घेऊन वाचलें. पुढील मजकुराचा बराचसा आधार तें उत्तर होय.

प्रथम एक भेद ध्यानीं घेतला पाहिजे. घरांत नळ गळला तर भिंत ओली होते, शेजारी तक्रार करितात, फार झालें तर छताचा गिलावा पडतो. तेथें पाणी टांकीत आहे व टांकीची तोटी बंद करितां येते. नौकेची गोष्ट उलट आहे. तेथें टांकी म्हणजे प्रत्यक्ष समुद्र आणि ती बाहेरच्या अंगास आहे. शौचकूपांत पाणी घेण्यास एक, मैला बाहेर टाकण्यास दुसरें, हात धुण्याच्या कुंडीचें, स्वयंपाकाच्या मोरीचें, इंजिन थंड ठेवण्यासाठीं पाणी ओढण्याचें, अशीं या नौकेच्या अंगास पाण्याच्या पातळीखालीं पांच छिद्रें आहेत. प्रत्येक छिद्राच्या तोंडाशीं एकेक तोटी बसविलेली असते. तिला सी-कॉक म्हणतात. तोटीच्या आंतल्या तोंडावर रबरी नळी चढविलेली आणि ती नळी पोलादी पट्टीनें आवळलेली. समुद्र आणि निजलेला मनुष्य यांच्यामध्यें काय आहे म्हणून विचाराल तर ती पट्टी.

ती सुटली तर काय होतें याचें गणित आम्हीं करून पाहिलें. इटलीच्या टॉरिचेलीनें सतराव्या शतकांत सांगितलेला नियम मॅट्रिकच्या विद्यार्थ्यासहि ठाऊक असतो : छिद्रांतून येणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. छिद्र पाण्याखालीं दोन फूट आहे व त्याचा व्यास दीड इंच आहे असें धरा. वेग सेकंदास सुमारें ३.५ मीटर येतो. प्रवाह आकुंचन पावतो म्हणून साठ टक्केच धरला तरी मिनिटास सुमारें १४० लिटर पाणी आंत येतें. म्हणजे दर सवाचार सेकंदांस दहा लिटरांची एक बादली. हा ओघ तसाच चालला तर तासाभरांत आठ टनांवर पाणी. तेवढें त्या नौकेचें स्वतःचें वजनहि नसतें. एकट्या माणसाच्या हातचा उपसा येथें पुरा पडत नाहीं. अमरकोशांतील वारिवर्गांत नावेंतलें पाणी उपसण्याच्या भांड्यास 'सेकपात्र' आणि 'सेचन' अशीं दोन नांवें दिलीं आहेत. यावरून हें संकट किती जुनें आहे तें दिसतें. पण त्या काळच्या नावेच्या तळास कोणी आपण होऊन छिद्रें पाडीत नसे. तीं आपण सोयीसाठीं पाडलीं.

आतां धातूंविषयीं, कारण चिरंजीवांच्या पत्रांतला आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटलेला भाग तोच. नौकेंत पांच तोट्या. त्यांतल्या दोन १९७८ सालच्या मूळच्या, कांशाच्या. तीन पूर्वीच्या मालकानें मागाहून बदललेल्या, दिसण्यांत अगदीं नव्या, पिवळ्याधमक. कोणीहि पाहणारा जुन्या दोन काढाव्या असें म्हणेल. चिरंजीवांनीं नव्यांपैकीं एकीवर सुरीच्या टोंकानें ओरखडा काढला तेव्हां आंतून पिवळा रंग न दिसतां गुलाबी रंग दिसला. हातोडीनें हलकेंच ठोकून पाहिलें तर कांशाच्या तोट्या खणखणत, ही मात्र मडक्यासारखी बद्द वाजली. काढावयास गेले तों पान्याखालीं तिची मान तुटून हातांत आली. नशीब कीं नौका त्या वेळीं हिवाळ्याकरितां किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती.

याचें कारण आपल्या देवघरांतल्या उपकरणांवरून सहज समजेल. पितळ म्हणजे तांबें व जस्त. कांसें म्हणजे तांबें व कथील. खाऱ्या पाण्यांत साधें पितळ राहिलें कीं त्यांतलें जस्त हळूहळू विरघळून जातें आणि मागें उरतो तो तांब्याचा भुसभुशीत सांगाडा. आकार तोच, आटे तेच, जोर मात्र गेलेला. जस्ताचें प्रमाण शेंकडा चाळीसाच्या आसपास असलेल्या पितळांत हा रोग विशेष. कांशांत जस्त नसल्यामुळें तें या व्याधींतून सुटतें. पितळांतहि किंचित् सोमल मिसळून हा रोग आटोक्यांत आणलेली एक जात निघाली आहे. शिवाय कांचेच्या तंतूंनीं बळकट केलेल्या नायलॉनच्या तोट्या मिळतात, त्यांस गंज हा शब्दच माहीत नाहीं. विकत घेणारानें दुकानदारास "ही पितळेची कीं कांशाची" एवढेंच विचारून भागत नाहीं. कोणतें पितळ तें विचारावें व पावतीवर लिहून घ्यावें. युरोपांतील नौकांच्या मानकांत 'गंजरोधक' या शब्दाचा अर्थ पांच वर्षांच्या वापरांत कामास बाध न येणारा असा कित्येक वर्षें होता. पांच वर्षें! आमच्या घरीं पाण्याचा जो हंडा आहे तो आमच्या आजीच्या लग्नांतला. अर्थात् त्यांत समुद्र भरलेला नसतो हें मान्य.

चिरंजीवांनीं तिन्ही तोट्या बदलल्या, जुन्या दोन सोडविल्या, घासल्या, त्यांस ग्रीस चोपडून पुन्हा बसविल्या. पूर्ण गुण. एकच लाल रेघ आम्हीं मारली : बसविल्यानंतर प्रत्येक तोटी महिन्यांतून एकदां तरी उघडझाप केली पाहिजे हें त्यांनीं लिहिलें नव्हतें. न फिरविलेली तोटी ज्या दिवशीं फिरवावयाची त्या दिवशीं फिरत नाहीं.

पट्ट्यांविषयीं थोडक्यांत. पाण्याखालच्या प्रत्येक जोडावर दोन पट्ट्या, व त्यांचे स्क्रू विरुद्ध बाजूंस. मात्र तोटीचें तोंड दोन पट्ट्या मावण्याइतकें लांब असेल तरच. नाहीं तर दुसरी पट्टी नळीच्या मोकळ्या टोंकास आवळून तीस कापून काढते. पट्टी व स्क्रू दोन्हीं समुद्रास टिकणाऱ्या, ३१६ क्रमांकाच्या पोलादाचीं असावीं. कित्येक पट्ट्यांत पट्टी उत्तम आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असतो. लोहचुंबक लावल्यास ही लबाडी तेव्हांच उघडी पडते. नळी चढत नसेल तर तिचें टोंक कढत पाण्यांत दोन मिनिटें धरावें. तेल लावूं नये. घरच्या नळकामांत जी कडक प्लॅस्टिकची नळी गोंदानें चिकटवितात ती येथें वापरूं नये. नौका सदैव हलते, आणि कडक वस्तु हलवीत राहिलें कीं ती जोडाशीं तडकते.

आतां तें शौचकूप. हा विषय घरांतल्या मासिकांत कसा घ्यावा असा संकोच कांहीं वाचकांस वाटेल. पण जें प्रत्येक घरांत आहे व ज्यावांचून एक दिवस चालत नाहीं त्याविषयीं बोलण्यांत संकोच आणि तें दुसऱ्याकडून उपसून घेण्यांत मात्र संकोच नाहीं, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

नौकेंतील शौचकूपास हातपंप असतो. तो एका नळीनें समुद्राचें पाणी आंत ओढतो व दुसरीनें सर्व बाहेर लोटतो. बाहेर लोटलेलें परत येऊं नये म्हणून बदकाच्या चोंचीसारखी एक रबरी झडप असते. तिला तिकडे जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. ही झडप वर्षास एकदां बदलावी. तिची किंमत थोडी आणि काम अर्ध्या तासाचें. मैल्याची नळी चोंदण्याचें कारण बहुधा मैला नसून मूत्र व खारें पाणी यांच्या संयोगानें नळीच्या आंत बसणारें चुन्यासारखें कठिण किटण होय. आपल्या गीझरांत क्षार बसतो तसाच हा प्रकार. चिरंजीवांनीं जी नळी काढली तिच्या दीड इंची पोटांत अंगठा जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. रात्रभर शिरका घालून ठेवल्यास कोंवळें किटण सुटतें. जुनें असेल तर नळी बदलणेंच शहाणपणाचें. आणि पुढें तें बसूं नये म्हणून प्रत्येकानें पंपाचे दहा हात अधिक मारावे, म्हणजे नळींत राहतें तें स्वच्छ पाणी. बंदरांत व नदीमुखांत असतां समुद्रांत न सोडतां मैला नौकेंतल्याच टांकींत सांठवावा, हें वेगळें सांगणें नको.

परंतु खरा धोका घाणीचा नाहीं, वक्रनलिकेचा आहे. आम्ही शाळेंत दोन बादल्या घेऊन हा प्रयोग दरवर्षीं करून दाखवीत असूं. वरच्या बादलींत नळीचें एक टोंक, खालच्या बादलींत दुसरें. एकदां ओढून पाणी सुरू केलें कीं वरची बादली आपोआप रिती होते. नौकेच्या शौचकूपाचें भांडें पुष्कळदां समुद्राच्या पातळीच्या खालीं असतें. येथें वरची बादली म्हणजे समुद्र आणि खालची म्हणजे नौका. कोणी पंप मारून, तोटी उघडी टाकून निजावयास गेला कीं पाणी आपोआप आंत येत राहतें, भांडें भरून वाहूं लागतें, आणि कोणतीहि नळी फुटलेली नसतां नौका बंदरांत बांधल्या जागीं बुडते. अशा रीतीनें बुडालेल्या नौका थोड्या नाहींत. उपाय त्या प्रयोगांतच आहे. वरच्या वळणाशीं नळीस टांचणीनें भोंक पाडा, हवा शिरते, प्रवाह तुटतो. नौकेंतहि नळी पाण्याच्या पातळीच्या बरीच वर, म्हणजे वाऱ्यानें नौका कलली तरी वरच राहील इतकी, उंच नेतात आणि वळणाच्या माथ्यावर हवा घेणारी लहान झडप बसवितात. ही झडप मिठानें बुजते. बुजली कीं असून नसल्यासारखी. चिरंजीवांच्या नौकेंत वळण होतें, झडपहि होती, पण तिच्यांत मीठ दगडासारखें बसलें होतें. कोमट पाण्यानें ती पांच मिनिटांत मोकळी झाली. त्या पांच मिनिटांकरितां त्यास शौचकूपामागें पालथें पडावें लागलें, आणि तेंच छायाचित्र पुण्यास गेलें.

गोड्या पाण्याची व्यवस्था तितकी घातक नाहीं, पण बुद्धीस ती अधिक खाद्य देते. नौकेच्या तळच्या खळग्यांत पाणी दिसलें तर पहिला प्रश्न तें खारें कीं गोडें. आधीं वास घ्यावा, शंका नसेल तरच बोट बुडवून जिभेस लावावें. खारें असेल तर समुद्राकडे, गोडें असेल तर टांकीकडे शोध. गोड्या पाण्याचा विजेचा पंप दाब कमी झाला कीं आपण होऊन चालतो. सर्व नळ बंद असतां रात्रीं तो मधूनमधून क्षणभर टकटकला तर दाब कोठेंतरी गळत आहे असें समजावें. येथें आमच्या नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक कामास येतो. पंपापुढची तोटी बंद करावी. तरीहि टकटक चालू राहिली तर दोष पंपाच्या पोटांतल्या झडपेचा. थांबली तर दोष पुढच्या नळ्यांत. मग प्रत्येक जोडाभोंवतीं कोरडा कागद बांधून रात्रभर ठेवावा आणि सकाळीं कोणता ओला झाला तें पाहावें. चिरंजीवांनीं याच रीतीनें चौथ्या जोडाचा वायसर फाटला असल्याचें शोधून काढलें. अनुमान प्रत्यक्षास जुळलें.

आतां मामंजींविषयीं. ते आमच्या पिढीचे दिसतात, म्हणून त्यांच्याशीं आम्ही समवयस्काच्या नात्यानें बोलतों. त्यांस अन्न गोड लागलें नाहीं तें नातू खपत होता म्हणून नव्हे. त्यानें इंजिन खोललें असतें तर त्याच छायाचित्राची त्यांनीं चौकट करून लाविली असती. लागलें तें शौचकूप म्हणून. कोकणांतले अप्पासाहेब पटवर्धन हे आपल्यांतलेच, उच्चविद्याविभूषित. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं भंगीकाम मागितलें. वरच्या जातीच्या कैद्यास तें द्यावयाचें नाहीं असा नियम होता, म्हणून त्यांनीं अन्न कमी केलें, आणि त्यांस पाठिंबा म्हणून येरवड्यास गांधीजींनीं उपवास आरंभिला. पुढें कणकवलीच्या गोपुरींत अप्पासाहेबांनीं मैल्यापासून खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. त्यांनीं जें काम हट्टानें मागून घेतलें तें नातू स्वतःच्याच नौकेंत, स्वतःच्याच घाणीचें, हातमोजे घालून करीत आहे. यांत कुळास काय उणें आलें तें आम्हांस तरी दिसत नाहीं. आणि हेंहि मामंजींनीं पाहावें कीं शौचकूपाची ती झडप परक्या माणसानें साफ केली असती तर ती बुजलेली होती हें नातवास कधींच कळलें नसतें.

कारागिराचें काम कारागिरास नाहीं असें मात्र नव्हे. नौकेच्या अंगास नवें छिद्र पाडणें, आणि स्वयंपाकाच्या गॅसची नळी, या दोन गोष्टींस चिरंजीवांनीं हात लावूं नये. गॅस हवेहून जड, तो नौकेच्या तळांत सांठतो व ठिणगीची वाट पाहतो. त्यांनीं गॅसचें काम परवानाधारकाकडून करविलें आहे असें ते लिहितात. बाकीचें काम ज्यास समुद्रावर जावयाचें आहे त्यास आलेंच पाहिजे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि मे २०१० मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. ती छप्पन्न फुटी नौका गोव्यांत दिवाडी बेटावर बांधलेली. वाटेंत चारच बंदरें. न्यूझीलंड आणि फॉकलंड यांच्यामधल्या सागरांत कोणत्या नळवाल्यास हांक मारावयाची?

दुसऱ्या प्रश्नास आमचें उत्तर असें. नौका पाण्यांत उतरविल्यावर पंधरा दिवस तिचा तळ कोरडा राहिला आहे याची नोंद चिरंजीवांनीं रोज लिहून ठेवावी व आईबापांस दाखवावी. ती समाधानकारक असेल तर अवश्य बसावें. पहिल्या दिवशीं बंदर सोडण्यापूर्वीं पांचहि तोट्या कोठें आहेत त्या भगिनींनीं पाहाव्या व प्रत्येक स्वतःच्या हातानें एकदां बंद करून उघडावी. घरीं निजण्यापूर्वीं गॅसची कळ त्या बंद करीतच असतील. हें त्याहून कठिण नाहीं.

राहिली एक वस्तु, जी येथून नेतां येण्यासारखी आहे. तोटीच तुटली तर छिद्रांत ठोकण्यासाठीं प्रत्येक तोटीजवळ निमुळतें लांकडी बूच दोरीनें बांधून ठेवितात. चिरंजीवांकडे अशीं दोनच आहेत. मामंजींचें गांव सावंतवाडीकडचें असल्याचें पत्रावरून दिसतें. तेथें लांकडी फळें व खेळणीं करणाऱ्या कोणाहि कांतकाम्याकडून पांच बुचें करून घ्यावीं : लांबी सहा इंच, एक टोंक पाऊण इंच, दुसरें दोन इंच, जाड टोंकाशीं दोरीसाठीं आरपार भोंक. लांकूड मऊ असावें, म्हणजे भिजून फुगतें व घट्ट बसतें. माप घेऊन तीं करवून घेण्याचें काम मामंजींनींच पत्करावें, आणि कांतकाम्यास एवढें बजावून सांगावें कीं त्यांवर लाख चढवूं नये.